लोडरचा जॅक गळतोय? सील किट आणण्याआधी रॉडवर नख फिरवा

चिरेखाणीवर दिवसभर राबलेला लोडर संध्याकाळी उभा राहिला की त्याच्या जॅकच्या, म्हणजे आर्म आणि बकेट हलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या, तोंडाशी वाकून बघा. रॉड जिथे आत शिरतो तिथे तांबड्या, ओलसर लगद्याचं कडं जमलेलं असतं. त्यातला चिमूटभर उचलून अंगठ्यावर चोळा, खरखर लागेल. ती जांभ्याची धूळ आहे, लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, आणि रॉडवरच्या तेलाने तिला धरून ठेवलंय. दिवसातून शेकडो वेळा रॉड या लगद्यातून आत-बाहेर होतो. पॉलिश पेपरमधून ओढल्यासारखाच.

त्यात आपली कोकणातली खारी हवा, आणि पावसाळ्यात काम बंद म्हणून तीन-चार महिने एका जागी उभं राहिलेलं मशीन. घाटावर निमूट चालणारा जॅक इथे किनाऱ्यावर लवकर गळायला लागतो तो यामुळे.

नुकतंच सेकंडहँड मशीन घेतलेला मालक आणि गॅरेजात नवीन लागलेला हेल्पर, या दोघांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सील, म्हणजे तेल अडवून धरणारं कडं, आपणहून क्वचितच फाटतं. त्याला फाडणारं काहीतरी असतं: खड्डे पडलेला रॉड, वाकलेला रॉड, झिजलेलं बुश, घाण तेल. ते सापडेपर्यंत नवीन सील किटची पिशवी फोडू नका.

आत काय असतं

पुस्तकात हायड्रॉलिक सिलिंडर लिहिलेलं असतं, कामावर सगळे जॅकच म्हणतात. बाहेरची नळी म्हणजे बॅरल. त्यात पिस्टन, पिस्टनला जोडलेला चकचकीत रॉड, आणि रॉड जिथून बाहेर येतो तिथे झाकणासारखा बसवलेला ग्लँड. पिस्टनवर एक सील असतं, ते पुढच्या आणि मागच्या बाजूचं तेल वेगळं ठेवतं. ग्लँडमध्ये रॉडचं सील, त्याच्या बाहेर धूळ पुसणारं वायपर, आणि धातूला धातू घासू नये म्हणून गाईड रिंग. ग्लँड आणि बॅरलच्या मध्ये ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, आणि बहुधा तिच्या पाठीला आधाराची कडक बॅकअप रिंग. दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे पिनेची भोकं, त्यात बुश नावाची छोटी नळी, बुशात पिन.

रॉडची चकाकी म्हणजे हार्ड क्रोम. त्याचा थर साधारण २० ते २५ मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही बारीक. आणि हा थर अखंड नसतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा त्यात असतातच. रॉडवर तेलाची पातळ फिल्म आहे तोवर त्या चिरा बुजलेल्या राहतात. तेल सुकलं आणि खारी हवा लागली की मीठ-पाणी चिरेतून खालच्या पोलादापर्यंत जातं. तिथे गंज धरतो, गंज फुगतो, आणि एक दिवस क्रोमचा कण उडतो. तिथे राहतो तो खड्डा, आणि खड्ड्याची धारदार कड प्रत्येक फेरीला सीलवरून जाते.

हात लावण्याआधी

लोडरच्या तेलाचा दाब २०० बारच्या वर जातो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्याच्या शंभरपट. ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर २०० बार दाब आला तर दहा टनांच्या आसपास जोर तयार होतो. म्हणून पुढच्या गोष्टींत घाई करायची नाही.

मशीन सपाट जागी घ्या. चिऱ्याच्या उतारावर नाही, ओल्या मातीच्या भरावावर तर नाहीच. बकेट जमिनीवर टेकवा, पार्किंग ब्रेक लावा, चाकांना पुढून-मागून चिरा किंवा लाकडाचा ठोकळा लावा. इंजिन बंद करून चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मग सगळे लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा, म्हणजे अडकलेला दाब हायड्रॉलिक तेलाच्या टाकीकडे जातो. काही मशीनवर लिव्हर चालायला चावी ऑन लागते, तसं असेल तर चावी ऑन करा पण इंजिन चालू करू नका. टाकीचं झाकण सावकाश सैल करून तिथली हवाही सोडा. काही लोडरवर खडबडीत रस्त्यासाठी ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखाली तेल साठवणारा डबा, असतो. त्यात इंजिन बंद झाल्यावरही दाब शिल्लक राहतो. तो रिकामा कसा करायचा ते त्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय होसला, म्हणजे तेलाच्या रबरी नळीला, पाना लावायचा नाही.

उचललेल्या आर्मखाली, म्हणजे बकेट पेलणाऱ्या हाताखाली, जायचंच असेल तर सेफ्टी स्ट्रट लावूनच जा. स्ट्रट म्हणजे रॉडवर बसवायचा तो लोखंडी आधार, बहुतेक मशीनवर लाल किंवा पिवळा रंगवलेला. सेकंडहँड मशीन घेताना तो आहे का ते बघा. बऱ्याच मशीनवर नुसते त्याचे क्लॅम्प शिल्लक असतात. नसेल तर आधी तो मिळवा, किट नंतर.

आणखी एक, हे घरातल्या माणसांनाही सांगून ठेवा. होसला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर तिथून निघणारी धार दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. गळती बोटाने चाचपायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, ओला होईल तिथे भोक. तेल हातात शिरलंच तर सुरुवातीला मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो आणि फारसं दुखतही नाही. तरी त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, "दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय." ते शस्त्रक्रिया करूनच काढावं लागतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात जाऊ शकतो. आपल्याकडे मोठं इस्पितळ दोन तासांवर असतं, म्हणून "सकाळी बघू" म्हणायचं नाही.

गळती कुठली ते ठरवा

जॅक डिझेलच्या फडक्याने स्वच्छ पुसून कोरडा करा. मग दहा-पंधरा मिनिटं काम करून परत बघा. धुळीने माखलेल्या जॅकवर गळतीचं मूळ दिसत नाही, तेल पसरत जातं आणि माणूस भलताच नट आवळत बसतो.

रॉडवर पातळ ओलसरपणा असेल तर ठीक आहे, तो असायलाच हवा. थेंब जमून खाली पडत असेल तर रॉडचं सील गेलं. ग्लँड आणि बॅरलच्या सांध्यातून येत असेल तर ओ-रिंग. होसच्या नटापाशी येत असेल तर बहुधा जॅक उघडायची गरजच नाही.

खरी फसगत होते ती आतल्या गळतीत. आर्म उचलून ठेवला की हळूहळू खाली येतो, आणि सगळे म्हणतात "पिस्टनचं सील गेलं." थांबा. आर्मच्या जॅकचा रॉड वजनाखाली आत दाबला जात असतो. दोन्ही होसकडचे रस्ते पक्के बंद असतील, तर पिस्टनचं सील पार गेलेलं असूनही रॉड फारसा आत जाऊ शकत नाही. कारण रॉड आत शिरला की त्याच्या जाडीएवढ्या तेलाला बाहेर जायला वाट लागते. ती वाट बहुतेक वेळा कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या झिजलेल्या स्पूलमधून, म्हणजे लिव्हरने सरकणाऱ्या दांड्याच्या फटीतून, मिळते. फुटक्या सीलमुळे आतला दाब वाढतो आणि व्हॉल्व्हची गळती आणखी बळावते, म्हणजे दोष दोन्हीकडे असू शकतो. पण नुसतं जॅकला किट टाकून आर्म घसरायचा थांबेलच असं नाही. माझ्याकडे दुसऱ्या गॅरेजातून दोन्ही जॅक उघडून आलेलं एक मशीन आलं होतं, आत नवी कोरी सीलं, आणि आर्म तसाच उतरत होता. दोष व्हॉल्व्हमध्ये होता. मालकाचे पैसे आणि चार दिवस दोन्ही गेले होते.

म्हणून जॅक उतरवण्याआधी ही परीक्षा करा. आर्म पूर्ण वर उचला, स्ट्रट लावा, इंजिन बंद, दाब सोडा. दोन्ही आर्म जॅकची परीक्षा वेगवेगळी करायची. एका जॅकचा रॉडच्या बाजूचा होस सोडा, होसच्या तोंडाला लोखंडी प्लग घट्ट लावा. जॅकच्या उघड्या तोंडाखाली बादली धरून ठेवायला माणूस नको, बादली टेकवून सगळे लांब व्हा. इंजिन हळू गतीवर चालू करून लिव्हर "वर"च्या बाजूला थोडा वेळ धरा. रॉड आधीच शेवटपर्यंत बाहेर आहे, त्यामुळे हलणार नाही. सुरुवातीला आतलं थोडं तेल येईल, नंतर थांबायला हवं. थांबलं तर पिस्टनचं सील चांगलं आहे, व्हॉल्व्हकडे वळा. धार चालूच राहिली तर हाच जॅक उघडायचा.

उतरवणं

होस सोडण्याआधी त्यावर रंगाच्या खुणा करा, फोटो काढा. सोडलेल्या प्रत्येक तोंडाला लगेच प्लग किंवा स्वच्छ प्लास्टिक आणि रबर बांधा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात. आर्म जॅक दोन माणसांनी उचलायच्या वजनाचा असतो, चेनपुली किंवा पट्टा लावल्याशिवाय पिन काढायची नाही.

आपल्याकडे पिन सहसा गंजून धरलेली असते. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ठोकताना मध्ये पितळेचा तुकडा धरा. कडक पिनवर थेट घण मारला तर उडालेली कपची डोळ्यात जाते, चष्मा लावा. पिन निघाली की तिचा मधला भाग आणि बुश दोन्ही बघा. पिनला पायरी पडली असेल तर ती बदला. बुश एका बाजूला झिजलं की जॅक तिरका ओढतो आणि रॉड ग्लँडवर एका अंगाने घासतो. ग्रीस गन रोज न मारणाऱ्याचा जॅक गळतो तो या वाटेने.

उघडणं

जागा स्वच्छ हवी. वारा येतो तिथे, अंगणात, जांभ्याच्या धुळीत जॅक उघडू नये. शेडचा कोपरा, टेबलावर धुतलेलं कापड, तेवढं पुरे.

दोन्ही तोंडं उघडी ठेवून रॉड हाताने आत-बाहेर करा, तेल बादलीत काढा. कॉम्प्रेसरची हवा मारून रॉड उडवायचा प्रयत्न काही जण करतात. हे कधीच करू नका, रॉड गोळीसारखा सुटतो.

जॅक मागच्या डोळ्यात पकडा, बॅरल वायसमध्ये दाबू नका. ग्लँड काही जॅकमध्ये आट्यांचा असतो, काहींत बोल्टचा, काहींत आतल्या वायरच्या कड्याने अडकवलेला. आट्यांच्या ग्लँडला बऱ्याचदा बाजूला एक बारीक लॉक स्क्रू असतो. तो न काढता पाना ओढला तर आटे गेले आणि बॅरलही. ग्लँड सैल झाला की रॉड सरळ रेषेत बाहेर ओढा, खाली झुकू देऊ नका.

पिस्टनचा नट भरपूर घट्ट असतो आणि त्याला लॉकिंग केमिकल लावलेलं असतं. रॉडच्या डोळ्यातून दांडा घालून धरायचं. चकचकीत भागाला पाइप पाना लागला तर तो रॉड संपला. केमिकल सैल करायला नटाला थोडी ऊब द्यायला हरकत नाही, पण आधी सगळं तेल पुसून काढा आणि जवळ कोणतंही सील नको.

जुनी सीलं काढताना प्रत्येकाचा फोटो घ्या, ओठ, म्हणजे सीलची चिकटणारी पातळ कड, कुठल्या दिशेला आहे ते दिसेल असा. काढलेली सीलं ओळीने मांडून ठेवा, जॅक पुन्हा मशीनवर चढेपर्यंत फेकू नका. नवीन किट मशीनच्या सिरियल नंबरवरून मागवा, कारण एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षांत वेगळे जॅक लागलेले असतात. आलं की जुन्याशेजारी ठेवून ताडून बघा.

जुनं सील बोलतं. ओठावर एकाच जागी उभी चीर असेल तर रॉडवर ओरखडा किंवा खड्डा आहे. एकाच अंगाने झिजलं असेल तर रॉड वाकलाय किंवा बुश गेलंय. काळं पडून करपल्यासारखं असेल तर तेलात हवा होती. लिबलिबीत किंवा फुगलेलं असेल तर तेल चुकीचं. सगळीकडे सारखं गुळगुळीत झिजलं असेल तर ते आपलं आयुष्य जगलं, निश्चिंतपणे नवीन टाका.

रॉड

राजापूरकडच्या एका लोडरच्या बकेट जॅकला सहा आठवड्यांत तीन किट पडली होती. मालक वैतागून आला, "मिस्त्री, आत्ताच तर सील घातलं, नि परत तेल?" रॉड पुसून उजेडात धरला, काही दिसेना. मग डिझेलने धुऊन, कोरडा करून, अंगठ्याचं नख टोकापासून हळूहळू ओढत नेलं. मध्याच्या थोडं पुढे नख अडकलं. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा खड्डा, त्याच्याभोवती क्रोम किंचित उचललेलं. त्या पावसात मशीन बकेट अर्धी दुमडलेली ठेवून उभं होतं आणि रॉडचा नेमका तेवढाच भाग चार महिने उघडा राहिला होता. तिन्ही सीलं त्या एका दाण्याने कापली होती. रॉड नव्याने क्रोम करून आणला, तेव्हा कुठे गळती थांबली.

म्हणून रॉडच्या चारी अंगांनी, पूर्ण लांबीभर नख फिरवा. दहा मिनिटं लागतात. नुसता डाग असेल आणि नख अडकत नसेल तर चालेल. बारीक उंचवटा असेल तर अगदी मऊ पॉलिश पेपर तेलात बुडवून रॉडच्या गोलाईभोवती फिरवा. लांबीच्या दिशेने घासलं तर तेलाला बाहेर यायला नाल्या तयार होतात. खड्डा असेल तर वेल्डिंग भरून कानस मारू नका, अशी जागा सीलला पुन्हा कापतेच. रॉड खरडून, ग्राइंड करून, पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यायचा. हे काम आपल्याकडून सहसा कोल्हापूर किंवा पुण्याला जातं. आठवडा जातो, पैसे लागतात, पण दर दोन आठवड्यांनी जॅक उतरवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रॉड सरळ आहे का ते लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून बघा. चिरा उपटताना एका कोपऱ्यावर जोर देणाऱ्या ऑपरेटरच्या मशीनचा रॉड वाकलेला निघण्याची शक्यता जास्त.

बॅरलमध्ये बॅटरीचा उजेड टाका. आतली भिंत आरशासारखी हवी. हलके ओरखडे होनिंगने, म्हणजे आतून बारीक दगडाने घासून, जातात. बोटाला लागणारी उभी चर असेल तर बॅरल बदलायचा.

सील बसवणं

सगळे भाग स्वच्छ डिझेलने धुवा, सुकवा, मग मशीनमध्ये वापरता तेच नवीन हायड्रॉलिक तेल लावा. आपल्याकडच्या लोडरमध्ये बहुधा ४६ किंवा ६८ नंबरचं (हा तेलाच्या दाटपणाचा नंबर) तेल चालतं, पण झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जो लिहिलाय तोच घ्या.

कडक सीलं गरम पाण्यात काही मिनिटं ठेवली की नरम होतात. बाहेर काढून लगेच पुसा. ग्लँडमधलं यू-सील, म्हणजे रॉडचं यू आकाराचं सील, बोटांनी काजूच्या आकारात दुमडून खाचेत सोडा आणि आतून दाबून गोल करा. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. मी बांबूची काडी काचेने घासून टोक गोल करून ठेवतो, तिने सीलवर ओरखडा उठत नाही.

दिशा नीट समजून घ्या. यू-सीलचा उघडा ओठ तेलाकडे, म्हणजे जॅकच्या आत बघतो, दाबाने तो फुलतो आणि रॉडला चिकटतो. वायपरचा ओठ बाहेर, धुळीकडे. बॅकअप रिंग ओ-रिंगच्या त्या बाजूला जिकडे दाब तिला ढकलतो. यातलं एक जरी उलट बसलं तरी जॅक पहिल्याच तासाला गळेल.

पिस्टनवरची कडक रिंग ताणून बसवल्यावर मोठी झालेली असते. तिच्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून होस क्लॅम्पने हलकेच आवळा, पंधरा-वीस मिनिटांत जागेवर येते. पिस्टन बॅरलमध्ये घालताना आटे आणि तेलाच्या भोकाची कड सील कापते. आट्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, आणि भोकावरून जाताना जोर न लावता हळू फिरवत न्या. अडलं तर ठोकू नका, मागे घेऊन बघा.

पिस्टनचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या मापावर), नवीन लॉकिंग केमिकल लावून. पानाला पाइप लावून अंदाजाने ओढलेला नट काम चालू असताना सुटला तर पिस्टन रॉडपासून वेगळा होतो, आणि उचललेला आर्म खाली येतो.

पहिली फेरी

जॅक चढवला, होस खुणेप्रमाणे लावले, टाकीतलं तेल बघितलं. आता जॅकमध्ये हवा आहे. इंजिन सर्वांत हळू गतीवर ठेवून रॉड सावकाश बाहेर, सावकाश आत, दोन्ही टोकांच्या थोडं आधी थांबून, असं सहा-सात वेळा. एकदम जोरात दाब दिला तर अडकलेली हवा दाबली जाऊन इतकी तापते की तेलाची वाफ आत पेट घेते आणि नवीन सील करपतं. हालचाल गुळगुळीत झाली की पूर्ण स्ट्रोक द्या, तेल पुन्हा बघा, मग काम. दहा तास चालल्यावर ग्लँड, होस आणि पिन परत तपासा.

मशीन पाण्याखाली गेलं असेल तर एवढ्याने भागत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर आमच्याकडे आलेल्या मशीनमधलं तेल दूध घातलेल्या चहासारखं होतं. टाकी रिकामी करून नवीन तेल भरलं तरी जॅक आणि होसमधलं जुनं तेल आतच राहतं, कारण ते पूर्ण फिरून टाकीत येत नाही. अशा वेळी प्रत्येक जॅकचं तेल वेगळं काढावं लागतं, फिल्टर बदलायचा, टाकी आतून पुसायची, आणि थोडे तास चालवून तेल पुन्हा बदलायचं.

रोज, आणि पावसाआधी

संध्याकाळी मशीन उभं करताना वायपरपाशी जमलेलं ते तांबडं कडं फडक्याने पुसा. धुताना पाण्याची जोराची धार वायपरवर मारू नका, लगदा आत जातो. समुद्राकाठी काम केलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सगळे रॉड धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवा. ग्रीस रोज, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

मे महिन्याच्या शेवटी मशीन उभं करताना बकेट जमिनीवर टेकवून जितके रॉड आत जातील तितके आत घ्या. जो भाग बाहेर राहीलच, त्याला जाड ग्रीसचा लेप द्या आणि वर प्लास्टिक गुंडाळा, पण घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. पंधरा-वीस दिवसांनी उघडीप मिळाली की जाऊन लेप बघा, धुऊन गेला असेल तिथे परत द्या. मशीन पुन्हा चालू कराल त्या दिवशी लिव्हरला हात लावण्याआधी तो सगळा लेप डिझेलच्या फडक्याने पुसून काढा. चार महिन्यांची धूळ आणि मीठ त्यात बसलेलं असतं, आणि रॉड आत ओढला की ते वायपरवर घासत जातं.